प्रज्ञा कोणाच्या मालकीची?

दरवर्षी निकालांचा हंगाम आला की आपल्या समाजसंस्थांच्या सभागृहांत गुणवंत विद्यार्थ्यांचे सत्कार होतात. बालाघाटसारख्या जिल्ह्याच्या गावीही हा सोहळा आता नेमाने होतो. व्यासपीठावर पाहुणे असतात, शाल-श्रीफळ असते, टक्केवारीचे वाचन होते आणि पालकांच्या डोळ्यांत पाणी येते. या सोहळ्यांविषयी आमच्या मनात यत्किंचितही उपहास नाही. ज्या समाजाला आपल्या मुलांच्या बुद्धीचे कौतुक करता येत नाही तो समाज दरिद्रीच म्हटला पाहिजे. मात्र अशा सोहळ्यांत एक व्यक्ती बहुधा अनुपस्थित असते, आणि ती म्हणजे त्या मुलाची बुद्धी सर्वांच्या आधी ओळखणारा, तिला खतपाणी घालणारा शिक्षक. हार मुलाला मिळतो, श्रेय घराण्याला मिळते, हल्ली तर शिकवणी वर्गालाही मिळते. शिक्षकाची खुर्ची तेवढी रिकामी राहते.

या रिकाम्या खुर्चीकडे पाहताना आमच्या मनात एक प्रश्न उभा राहतो, आणि तोच आज वाचकांपुढे मांडावयाचा आहे. असामान्य बुद्धीच्या मुलांना शिकविणे, त्यांच्या गटांना नवनव्या समस्या सोडविण्यास प्रवृत्त करणे, हे कोणी आपले आयुष्यभराचे काम म्हणून पत्करावे काय? पत्करले, तर ते पुण्यकर्म की पक्षपात? प्रश्न वरवर पाहता व्यवसायनिवडीचा दिसतो, परंतु खोल जाऊन पाहिले तर तो न्यायाचा प्रश्न आहे.

प्रथम आक्षेप त्याच्या पूर्ण बळानिशी मांडू. आमच्या जिल्ह्यात बैहर, परसवाडा, लांजी या बाजूंना गेले की जंगलाच्या कडेने वसलेली गावे लागतात. तेथील कित्येक शाळांचा कारभार एक-दोन शिक्षकांच्या खांद्यावर चालतो. पाच इयत्ता, एक फळा, आणि शिक्षक कधी जनगणनेच्या कामावर, तर कधी निवडणुकीच्या. घरी गोंडी वा बैगांची बोली बोलणारे मूल शाळेत हिंदी पुस्तकापुढे मुके होऊन बसते. जेथे सामान्य मुलाला सामान्य शिक्षकही धड लाभत नाही, तेथे उत्तम शिक्षकाने उत्तम मुलाच्याच शेजारी जाऊन बसावे, हा भरल्या घागरीत पाणी ओतण्याचा प्रकार नव्हे काय? ज्याच्यापाशी आहे त्यालाच आणखी द्यावयाचे, तर शिक्षण आणि सावकारी यांत फरक तो काय राहिला?

हा आक्षेप उथळ नाही. कोठारी आयोगाचे (१९६४-६६) सदस्य-सचिव जे. पी. नाईक यांच्यासारख्या थोर शिक्षणतज्ज्ञाने आयुष्यभर याच कोड्याशी झुंज दिली. समता, गुणवत्ता आणि संख्या या तीन बाजूंच्या त्रिकोणाला त्यांनी आपल्या ग्रंथाच्या शीर्षकातच हाती न लागणारा म्हटले. संख्या वाढवावी तर गुणवत्ता ढळते, गुणवत्ता जपावी तर समता रुसते. आयोगाने शेजारच्या सर्व मुलांसाठी एकच समान शाळा असावी असा आग्रह धरला, आणि त्याच अहवालात गुणी मुलांचा शोध सतत चालू राहिला पाहिजे असेही म्हटले. दोन्ही गोष्टी एकाच दस्तऐवजात आहेत, हे आम्हांला अर्थपूर्ण वाटते. बुद्धिमापनाच्या इतिहासातही हीच दुहेरी वाट दिसते. पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने यांनी १९०५ मध्ये आपली चाचणी सिद्ध केली ती मागे पडणाऱ्या, अधिक साहाय्याची गरज असणाऱ्या मुलांना ओळखण्यासाठी. पुढे अटलांटिक ओलांडल्यावर तीच चाचणी पुढे धावणाऱ्यांना निवडण्याचे साधन झाली. हत्यार एकच, धरणारा हात बदलला.

आता दुसरी बाजू. १९६२ मध्ये पुण्यात डॉ. वि. वि. तथा आप्पा पेंडसे यांनी ज्ञानप्रबोधिनी स्थापन केली. आप्पा मानसशास्त्राचे अभ्यासक. शहरातील निरनिराळ्या शाळांतून निवडलेल्या बुद्धिमान मुलांना शाळेच्या वेळेबाहेर एकत्र आणून त्यांच्या बुद्धीला आव्हान देणारे शिक्षण द्यावे, येथून या कार्याचा प्रारंभ झाला. १९६९ मध्ये अशा विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र प्रशाला निघाली. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गिल्फर्ड यांनी बुद्धी ही एक राशी नसून अनेक क्षमतांची रचना आहे असे प्रतिपादन केले होते. त्या विचाराच्या आधारे प्रबोधिनीच्या मानसशास्त्र विभागाने आपल्या मुलांसाठी चाचण्या तयार केल्या. आप्पांच्या विचारातील खरा गाभा मात्र चाचणीत नव्हता. बुद्धी ही समाजाच्या कामी यावयाची असेल तर तिला प्रेरणेची जोड द्यावी लागते, नुसती कुशाग्रता आंधळी असते, हा तो गाभा. म्हणूनच त्या संस्थेतील मुले कारखान्यांत गेली, खेड्यांत गेली, आणि १९९३ च्या भूकंपानंतर सोलापूरच्या पलीकडे हराळीसारख्या गावी संस्थेने निवासी शाळा उभी केली.

या बाजूचा युक्तिवाद असा. असामान्य बुद्धीचे मूल सामान्य वर्गात सुखी असते ही आपली समजूत खोटी आहे. जे इतरांना चार दिवसांत कळते ते त्याला दहा मिनिटांत कळते, आणि उरलेला वेळ तो खिडकीबाहेर पाहतो किंवा खोड्या काढतो. श्रमावाचून पहिला क्रमांक मिळत गेला की श्रमाची सवयच लागत नाही. पुढे महाविद्यालयात पहिला अवघड चढ लागतो आणि तेथे ते मूल धापा टाकीत बसते, कारण चढण्याचे स्नायूच तयार झालेले नसतात. खेड्यातील हुशार मुलाचे तर आणखी वेगळे दुःख. त्याच्या प्रश्नांचे उत्तर गावात कोणापाशी नसते, आणि अनुत्तरित प्रश्नांचे ओझे घेऊन राहण्यापेक्षा प्रश्न विचारणेच सोडून देणे त्याला सोपे जाते. उपेक्षेने बुद्धी मरत नाही असे म्हणणाऱ्यांनी पाण्यावाचून सुकलेले रोप पाहिलेलेच नसते.

येथे महाराष्ट्राच्या इतिहासातील एका शिक्षकाचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. कृष्णराव अर्जुन केळूसकर हे मुंबईतील शिक्षक आणि चरित्रकार. बागेत नित्य पुस्तक घेऊन बसणारा एक विद्यार्थी त्यांच्या दृष्टीस पडला. १९०७ मध्ये तो मॅट्रिक झाला तेव्हा केळूसकर गुरुजींनी त्याला स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. पुढे त्याच्या शिक्षणासाठी सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकला, आणि १९१३ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर तो विद्यार्थी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोहोचला. त्या विद्यार्थ्याचे नाव भीमराव रामजी आंबेडकर. आता सांगावे, केळूसकरांनी भरल्या घागरीत पाणी ओतले काय? त्या मुलापाशी प्रज्ञा होती हे खरे, पण त्याखेरीज काय होते? वर्गात बसण्याची जागादेखील निर्विवाद नव्हती. एका मुलाच्या वाट्याला आलेले ते लक्ष पुढे कोट्यवधींच्या वाट्याला न्याय होऊन आले. ज्याच्यापाशी बुद्धी आहे त्याच्यापाशी सर्व काही आहे, या गृहीतावर आपला आक्षेप उभा होता, आणि ते गृहीतच येथे ढासळते.

परंतु या उदाहरणातूनच एक नवी अडचण उद्भवते. केळूसकरांना तो विद्यार्थी दिसला, कारण तो मुंबईत होता, बागेत होता, हाती पुस्तक होते. ज्यांच्या हाती पुस्तकच नाही त्यांची प्रज्ञा कोणाला दिसावी? म्हणजे कोणाला निवडावे याआधी आपण कोठे व कसे पाहतो, हा प्रश्न येतो.

पाहणारे किती चुकू शकतात याचा एक दाखला जगप्रसिद्ध आहे. लुईस टर्मन या मानसशास्त्रज्ञाने १९२१ मध्ये कॅलिफोर्नियातील सुमारे दीड हजार अतिबुद्धिमान मुले चाचणीने निवडून त्यांचा जन्मभर मागोवा घेण्याचे कार्य आरंभिले. त्या निवडीत गुण कमी पडले म्हणून वगळलेल्या मुलांपैकी दोघांना, विल्यम शॉक्ली आणि लुईस आल्व्हारेझ यांना, पुढे पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. निवडल्या गेलेल्यांपैकी एकालाही ते मिळाले नाही. चाचणी खोटी होती असे नव्हे. तिची जाळी एका विशिष्ट आकाराची होती आणि काही मासे तिच्यातून निसटले, एवढाच याचा अर्थ. पण ज्याच्या हाती जाळे आहे त्याने जाळ्याबाहेरचे पाणी निर्जीव समजू नये, हा धडा लहान नव्हे.

आपल्याकडचा दाखला याहून बोलका आहे. मुंबईतील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचे संस्थापक-संचालक प्रा. वि. गो. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात महानगरपालिकेच्या शाळांतील अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसोबत काही वर्षे काम केले. मुलांच्या अडचणीचे मूळ शोधू जाता ते बुद्धीत सापडले नाही. ते सापडले पुस्तकाच्या भाषेत, प्रश्न विचारण्याची सवय नसण्यात आणि घरी अभ्यासाला जागा नसण्यात. हे अडसर दूर करताच तीच मुले शालान्त परीक्षेत चमकली. यावरून आम्ही एवढेच म्हणू की, प्रज्ञेचा शोध हा पुष्कळदा अडसराचा शोध असतो. बैगा मुलाला दहा-वीस प्रकारचे कंद ओळखता येतात, कोणता केव्हा खणावा, कोणता उकळून विष काढल्यावाचून खाऊ नये, हे ठाऊक असते. ही वर्गीकरणाची आणि निरीक्षणाची बुद्धी नव्हे तर काय? पण आमच्या प्रश्नपत्रिकेत कंदावर प्रश्न नसतो.

शासनाने या दिशेने काहीच केले नाही असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातून देशभर पसरलेली नवोदय विद्यालये, ज्यांतील पहिल्या दोहोंपैकी एक १९८५-८६ मध्ये आमच्या शेजारच्या अमरावतीत सुरू झाले, ही ग्रामीण गुणवत्तेसाठी काढलेली देशातील सर्वांत मोठी निवासी व्यवस्था होय. सहावीच्या प्रवेशात किमान पंचाहत्तर टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी असतात. आमच्या जिल्ह्यातील कित्येक शेतकरी व मजूर घरांतील मुले या दारातून पुढे गेली, हे आम्ही शासकीय सेवेत असताना पाहिले आहे. निवड परीक्षेच्या दिवशी केंद्राबाहेर सायकलींवरून, बैलगाड्यांतून आलेले पालक झाडाखाली शिदोरी सोडून बसत. त्यांच्या चेहऱ्यावरील आशा आजही डोळ्यांपुढे आहे. पण एका विद्यालयात ऐंशी जागा असतात आणि झाडाखाली बसलेले त्याच्या कित्येक पटींनी असतात. १९९० मध्ये आचार्य राममूर्ती समितीने या विद्यालयांविषयी प्रतिकूल मत नोंदविले ते याच कारणाने, की थोड्यांवरील खर्च अनेकांच्या शाळांना काय देतो? हा प्रश्न अद्याप उत्तराच्या प्रतीक्षेत आहे.

आदिवासी मुलांच्या निवासी विद्यालयांना शासनाने एकलव्याचे नाव दिले. नाव देताना कोणाच्या मनात काय होते हे आम्ही जाणत नाही, परंतु त्या नावातच आपल्या संपूर्ण विषयाचा सारांश आहे. द्रोणाचार्य हे प्रज्ञावंतांचे गुरू होते, यात शंका नाही. अर्जुनाला त्यांनी घडविले. मात्र त्यांच्याकडून दोन अपराध घडले. पहिला हा की, दारी आलेल्या मुलाचे कूळ पाहिले, कौशल्य पाहिले नाही. दुसरा त्याहून मोठा: जे शिकविलेच नाही त्याची दक्षिणा मागितली. पहिल्या अपराधाची चर्चा आपण पुष्कळ करतो, आणि ती करावीच. दुसऱ्याकडे मात्र आपले लक्ष जात नाही, कारण तो आपण स्वतः रोज करतो. हुशार मूल दिसले की समाज त्याच्यापुढे हात पसरतो: तू डॉक्टर हो, तू आयआयटीत जा, आमचे नाव काढ. आम्ही अधिकारपदावर होतो तेव्हा पालक दहा वर्षांचे पोर पुढे करून विचारीत, “साहेब, याला कलेक्टर कसं करायचं?” त्या पोराला बेडकांत रस आहे की आकाशात, हे कोणी पुसत नसे. अंगठा मागण्याचे प्रकार अनेक आहेत. मुलाचे कुतूहल मागून घेणे हा त्यांतला सर्वांत सभ्य प्रकार.

शिकवणी वर्गांचा जो अवाढव्य बाजार राजस्थानातील कोटा शहरापासून आमच्या गल्लीपर्यंत पसरला आहे, त्याचा दोष शिकविण्यात नाही, तो या दक्षिणेत आहे. तेथेही बुद्धिमान मुले असतात, बुद्धिमान शिक्षकही असतात. परंतु तेथील प्रश्नाला एकच उत्तर असते आणि ते आधीच ठरलेले असते. मानसशास्त्रात ज्याला अभिसारी विचार म्हणतात, म्हणजे अनेक वाटांनी येऊन एका बिंदूवर मिळणारा, त्याचीच तेथे मशागत होते. एका बिंदूपासून अनेक वाटा काढणारा अपसारी विचार उपाशी राहतो. आणि आपल्या प्राचीन साहित्यशास्त्राने प्रतिभा म्हटले ते याच दुसऱ्या शक्तीला, सतत काही नवे फुलविणाऱ्या बुद्धीला.

या दुसऱ्या शक्तीची मशागत कशी करावी, याचा शोध पाश्चात्त्य देशांत गेली पन्नास वर्षे चालू आहे. अमेरिकेत पॉल टॉरन्स यांनी १९७४ मध्ये, आणि सॅम्युएल मिक्लस यांनी १९७८ मध्ये, मुलांच्या गटांसाठी समस्यापूर्तीच्या स्पर्धा सुरू केल्या. मुलांच्या चमूला एक मोकळी समस्या द्यावयाची, ठराविक मर्यादेत तिचे उत्तर त्यांनीच शोधावयाचे, वस्तू त्यांनीच बनवावयाची. मिक्लस यांच्या स्पर्धेचा एक नियम आम्हांला फार मोलाचा वाटतो: बाहेरच्या कोणाचेही साहाय्य चालणार नाही, मार्गदर्शकाचेसुद्धा. मार्गदर्शक साहित्य आणू शकतो, कौशल्य शिकवू शकतो, प्रश्न विचारू शकतो. कल्पना मात्र मुलांचीच असली पाहिजे.

आपल्या देशात याचा जवळचा नातलग म्हणजे राष्ट्रीय बालविज्ञान काँग्रेस. तिचे बीज आमच्याच मध्य प्रदेशात, ग्वाल्हेरच्या विज्ञान केंद्रात रुजले आणि १९९३ पासून ती देशभर भरू लागली. दहा ते सतरा वर्षांच्या मुलांच्या लहान गटाने आपल्या परिसरातील एखादा प्रश्न घ्यावा, माहिती गोळा करावी, निष्कर्ष काढावा आणि मांडावा, अशी तिची रीत. यंत्राची प्रतिकृती दिपवणारी असली पाहिजे असा दंडक तेथे नाही. नाल्याचे पाणी, शेतातील कीड, गावातील जुनी बियाणी, असा कोणताही विषय चालतो.

समजा, पाच मुलांच्या गटाला विचारले की हातपंपाभोवती साचणाऱ्या पाण्याचे काय करावे. वर्गात पहिली येणारी मुलगी लगेच उत्तर सांगेल, खड्डा खणून पाणी मुरवावे. सुताराचा मुलगा म्हणेल, उतारच उलटा आहे, पाणी खड्ड्याकडे जाणारच नाही. तिसरी, जी रोज पाणी भरते, ती सांगेल, सकाळी बायका भांडी तेथेच घासतात, म्हणून माती भरून खड्डा आठ दिवसांत बुजेल. चौथा काहीच बोलणार नाही, पण तेथे पुदिना लावला तर कोणी तुडवणार नाही, असे शेवटी हळूच सुचवील. येथे बुद्धिमान कोण? पहिली येणारी मुलगी आयुष्यात प्रथमच अनुभवील की आपले पहिले उत्तर अपुरे होते आणि ते पुरे करणारी माणसे आपल्या मागच्या बाकावर बसत होती. प्रज्ञेला अहंकाराची कीड लागते म्हणतात. त्यावर याहून चांगले औषध आम्हांला ठाऊक नाही.

आणि या वेळी शिक्षकाने काय करावयाचे? हात मागे बांधून उभे राहावयाचे. ऐकावयास सोपे, करावयास अतिशय कठीण असे हे व्रत आहे. उत्तर आपल्याला ठाऊक आहे, मुले भलत्याच वाटेने चालली आहेत, तपासणीची तारीख जवळ आली आहे, अशा वेळी गप्प राहणे यास तपश्चर्याच म्हणावे लागेल. शालेय विज्ञान प्रदर्शनांत आपण थर्माकोलचे जे देखणे देखावे पाहतो, त्यांतले कित्येक पालकांच्या व शिक्षकांच्या हातचे असतात, मुलाने फक्त पाठ केलेले चार वाक्यांचे निवेदन म्हणावयाचे. त्याने बक्षीस मिळते. पण मुलाला आतून कळते की हे आपले नाही, आणि जगात आपले नसलेलेही आपले म्हणून खपते. हा दुसरा धडा तो जन्मभर विसरत नाही. म्हणून मार्गदर्शकाचा संयम ही नुसती अध्यापनाची युक्ती नव्हे, तो सत्याचा प्रश्न आहे.

असे सर्व असता या कामाला आयुष्य द्यावे काय? आमच्या परिचयातील एका गृहस्थांची कन्या पदार्थविज्ञानात पदव्युत्तर झालेली. एका शिकवणी वर्गात तिला उत्तम वेतन मिळत होते. ते सोडून खेड्यांतील शाळांत मुलांचे विज्ञानगट चालवावयाचे तिने मनावर घेतले, तेव्हा तिचे वडील आमच्याकडे आले. चार अनुभवाचे शब्द सांगून तिला परावृत्त करावे, अशी त्यांची इच्छा. त्यांची चिंता व्यावहारिक होती आणि खरी होती. आपल्याकडे या कामाला पदनाम नाही, वेतनश्रेणी नाही, बढती नाही. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने विशेष प्रतिभेच्या विद्यार्थ्यांचा उल्लेख केला आहे, बी.एड.मध्ये अशा मुलांच्या अध्यापनाचे विशेष शिक्षण देता येईल असेही म्हटले आहे. पण धोरणातील ओळ आणि कोषागारातील देयक यांच्यामधले अंतर किती, हे आम्हां निवृत्त सेवकांहून अधिक कोण जाणेल? १९६३ मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय प्रतिभा शोध परीक्षादेखील २०२१ नंतर पुढे चालू राहिली नाही. शाळांतून २०१६ नंतर अटल टिंकरिंग प्रयोगशाळा आल्या हे स्वागतार्ह, परंतु यंत्रे येतात तितक्या सहजतेने माणसे येत नाहीत. हे सर्व आम्ही त्या मुलीला सांगितले. मात्र परावृत्त केले नाही. तिला आम्ही तीन प्रश्न विचारले, आणि तेच या मार्गाने जाऊ पाहणाऱ्या प्रत्येकापुढे ठेवावेसे वाटतात.

पहिला प्रश्न: ज्यांची निवड होणार नाही त्यांना तू काय देशील? ज्या शिक्षकाला या प्रश्नाचे उत्तर नाही त्याने प्रज्ञावंतांच्या वाटेला जाऊ नये. याचे एक सुंदर उत्तर नाशिकजवळील देवळालीच्या एका शाळामास्तरांनी आपल्या कार्यातून देऊन ठेवले आहे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) हे जन्मभर शाळेत शिकवीत राहिले आणि संख्यांशी खेळत राहिले. त्यांनी शोधलेली ६१७४ ही संख्या आज जगभर त्यांच्या नावाने ओळखली जाते. चार अंकी कोणतीही संख्या घ्यावी, फक्त चारही अंक सारखे नसावेत. अंक उतरत्या क्रमाने मांडावेत, मग चढत्या, आणि मोठीतून लहान वजा करावी. हेच पुन्हा पुन्हा करीत गेले असता सात पायऱ्यांच्या आत ६१७४ येतेच. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, मग ८३५२, आणि तिसऱ्या वेळी ६१७४. वजाबाकी येणारे कोणतेही मूल पाटीवर हे करू शकते आणि उत्तर जमले की आनंदाने ओरडते. त्यातच एखादे मूल असे निघते की जे ओरडत नाही, थबकते आणि विचारते, असे का? चांगली समस्या विहिरीसारखी असते. काठावरचा कळशी भरून नेतो, पोहणारा तळ गाठतो, आणि पाणी दोघांना एकच. अशा समस्या ज्याच्या झोळीत आहेत त्या शिक्षकाला निवडीची चाळणी फारशी लागत नाही. मुले आपली आपणच ओळख देतात.

हे केवळ एका व्यक्तीपुरते खरे नाही. १९७२ मध्ये मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात सोळा माध्यमिक शाळांतून प्रयोगाधारित विज्ञानशिक्षणाचा उपक्रम सुरू झाला. शाळा सरकारी, शिक्षक सामान्य, मुले खेड्यांतली. पुढे तो शेकडो शाळांत पसरला आणि २००२ मध्ये शासनाने तो बंद केला. बंद का झाला याची चर्चा येथे नको. परंतु तीस वर्षे त्याने हे दाखवून दिले की स्वतः करून पाहणे आणि स्वतः प्रश्न विचारणे ही निवडक मुलांची मिरास नाही. प्रज्ञावंतांसाठी शोधलेली प्रत्येक चांगली रीत उद्या सामान्य वर्गात पोहोचली पाहिजे. पोहोचत नसेल, तर त्या विशेष शाळेने आपले देणे थकविले असे समजावे.

दुसरा प्रश्न: तुझा हात मागे राहील काय? याविषयी वर बोललो आहोतच.

तिसरा प्रश्न: हे मूल तुझे न होता गेले तर चालेल काय? गांधीजींनी संपत्तीच्या बाबतीत विश्वस्ताची कल्पना मांडली. धनिकाने धन आपले न मानता समाजाची ठेव मानावे. आम्हांला वाटते, हीच कल्पना प्रज्ञेलाही लागू पडते. जन्माने लाभलेल्या कुशाग्रतेत मुलाचे कर्तृत्व ते काय? ती त्याने मिळविली नाही, त्याला मिळाली. अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांनी १९७१ मध्ये न्यायविचार मांडताना नैसर्गिक गुणांचे वाटप हे सर्वांच्या समाईक मत्तेसारखे मानण्याची सूचना केली, ती याच्या जवळपास येते. परंतु येथे एक पथ्य पाळले पाहिजे. विश्वस्त म्हणून जबाबदारी स्वीकारावयाची ती त्या मुलाने, मोठेपणी, आपणहून. समाजाने, पालकाने किंवा गुरूने ती वसुलीच्या नोटिशीसारखी त्याच्या दारावर डकवू नये. मूल हे राष्ट्राचे भांडवल नव्हे, ते मूल आहे. त्याला कंटाळण्याचा, हरण्याचा, उगाच नदीकाठी बसण्याचा अधिकार आहे. गुरूने कर्तव्याची वाट दाखवावी, स्वतः तिच्यावर चालून दाखवावी, आणि मग वाट अडवू नये. आप्पा पेंडसे यांनी प्रेरणा म्हटले ते वसुलीहून वेगळे आहे. प्रेरणा आतून उमलते, वसुली बाहेरून होते, आणि दोहोंतील सीमारेषा शिक्षकाच्या विवेकावरच अवलंबून असते.

तेव्हा आरंभीच्या प्रश्नाला आमचे उत्तर असे. प्रज्ञावंतांना शिकविणे हे स्वभावतः पुण्यही नाही आणि पक्षपातही नाही. दार जर केवळ कुळासाठी, पैशासाठी किंवा एकाच भाषेसाठी उघडत असेल तर तो पक्षपात आहे, मग त्यावर कोणत्याही थोर पुरुषाचे नाव कोरलेले असो. दार जर अडसर शोधण्यासाठी उघडत असेल, जे आत शिकले ते बाहेर पोहोचत असेल, आणि आत गेलेल्याचा अंगठा शाबूत राहत असेल, तर ते समाजाचे ऋण फेडणेच होय. समता आणि गुणवत्ता यांचे वैर आपण मानतो तितके खरे नाही. अज्ञानाने आणि आळसाने आपण त्या दोघींना वेगवेगळ्या घरांत नांदावयास लावले आहे.

वैनगंगेच्या काठचा हा मुलूख तांब्याचा आणि मँगनीजचा आहे. मलाजखंड आणि भरवेलीच्या खाणींतून भूमीच्या पोटातले धन वर काढण्यासाठी आपण कुशल माणसे नेमली, त्यांना वेतन दिले, निवासस्थाने दिली, आणि ते योग्यच झाले. जंगलातल्या गावांतून, मजुरांच्या वस्त्यांतून, मागच्या बाकांवरून जे धन अजून वर यावयाचे आहे, त्यासाठीही माणसे लागतील. ती नेमताना त्यांच्याकडे दिवा आहे की नाही हे पाहावे, आणि त्यांना पोटभर वेतन द्यावे. गुणवंतांच्या सत्काराला येणाऱ्या आमच्या समाजबांधवांना एवढीच विनंती की, पुढच्या वर्षी व्यासपीठावर एक खुर्ची अधिक मांडावी आणि मुलालाच विचारावे, तिच्यावर कोणाला बसवू?